सेवेकरी पाहिजे का कुणाला?

बँकेतून निवृत्त झालो त्या दिवशी हारतुऱ्यांच्या भरात बोलून गेलो, "यापुढचं आयुष्य समाजासाठी!" टाळ्या पडल्या. तिथेच बसायला हवं होतं. पण इंदुरात बोललेलं कोणी विसरत नाही. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोह्यांवर शेव घालून घेत असलो की पाठीमागून कोणीतरी हमखास विचारतं, "क्या काका, सेवा शुरू हुई कि नहीं?"

पहिलं वर्ष तर नुसत्या विचारात गेलं. सेवा काही घाईचं काम नव्हे.

मग ठरवलं, रक्तदान. झोपून करता येईल अशी सेवा ती एकच. शिबिरात बाह्या सावरून बसलो. टेबलावरच्या मुलीने फॉर्म पाहिला. "काका, याआधी कधी दिलंय?" म्हटलं, "नाही, आज श्रीगणेशा." ती गोड हसली. आधीपासून देणाऱ्यांचं रक्त ६५ पर्यंत चालतं, पण पहिल्यांदा देणारा ६० च्या वर नको. मला ६१ पूर्ण. म्हणजे अठराव्या वर्षापासून तब्बल ४२ वर्षं माझं रक्त समाजाला चाललं असतं आणि मी ते ताळेबंद जुळवण्यात आटवलं! बिस्किटाचा पुडा मात्र तिने दिला. मी घेतलाही.

स्वच्छतेचा प्रचार करावा म्हटलं, तर २०१७ पासून सलग सात वेळा देशात पहिल्या आलेल्या शहरात प्रचार करणार कोणाला? कचरागाडीवरच्या ताईंनीच मला भर गल्लीत थांबवलं. "अंकल, सेल सूखे में नहीं, उसका डिब्बा अलग है." सिरपूर तलावावर पक्षी मोजायलाही गेलो होतो. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेला तलाव, पण मला बगळ्यापलीकडे एक पक्षी ओळखता येईना. बगळे तेवढे मी मोजले.

उरलं गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ. मला वाटलं होतं व्याख्यानमाला वगैरे देतील. "बँकेतले ना तुम्ही? मग खजिनदार!" असा एकमताने ठराव झाला. इतक्या लवकर एकमत झालं तेव्हाच शंका यायला हवी होती. दहा दिवस पावतीपुस्तक घेऊन हिंडलो. एरवी अंगणातून हाक मारणारे लोक मला पाहून घरात जाऊ लागले.

"तुम्हाला सेवा नकोय, सत्कार हवाय," ही म्हणाली. तिचं म्हणणं खोडून काढायला मी तीन मुद्दे काढले. तिन्ही तिच्याच बाजूचे निघाले.

अशातच नोव्हेंबर उजाडला. शेजारच्या आजींनी कुंपणावरून हाक मारली. "अरे, मी जिवंत आहे म्हणून सरकारला कळवायचंय." वय ८४, पेन्शन यजमानांच्या पश्चात मिळणारं. ठशांचं यंत्र त्यांना ओळखत नाही. भांडी घासून घासून रेघाच उरलेल्या नाहीत. दर नोव्हेंबरात द्यायचा हा हयातीचा दाखला आता मोबाईलवर नुसत्या चेहऱ्यानेही निघतो. म्हटलं, पाच मिनिटांचं काम.

त्याला पाऊण तास लागला. चष्मा काढला की आजींना फोन दिसेना, चष्मा लावला की फोनला आजी दिसेनात. शेवटी चेहरा चौकटीत आला. मी म्हटलं, "आजी, आता डोळे मिचकवा."

"काय करू?"

"मिचकवा. त्याशिवाय तो तुम्हाला जिवंत धरत नाही."

"चल, चावट! ह्यांच्याकडे बघूनसुद्धा कधी मिचकावले नाहीत मी." आणि त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यातच पापण्या मिटल्या. दाखला निघाला.

काउंटरवर बसायचो तेव्हा याच आजींना मी म्हटल्याचं आठवतं, "तुम्ही समोर आहात हे खरं, पण फॉर्म कुठाय?" त्यांना आठवत नसावं. किंवा असेलही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पाच म्हातारे हजर, सोबत आधार कार्डं. त्यातल्या एकांनी तर येतानाच पापण्यांचा सराव चालवला होता. ही आत चहाचं आधण वाढवत होती, तिसऱ्यांदा.

आजी कुंपणाशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. मी उगाच माहिती पुरवली, की ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

"मग पुढच्या वर्षी ऑक्टोबरातच उरकू रे," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरचा काय भरवसा!"

भरवसा कोणाचा, त्यांचा की माझा, ते त्यांनी सांगितलं नाही.