हवामान खराब आहे, कृपया प्रश्न विचारू नयेत

पावसाळ्यात दिल्लीहून विमानानं मुंबई गाठायची आणि तिथून रात्रीच्या बसनं सांगलीला यायचं, असा बेत आहे का? छान. मग नुकत्याच मिळालेल्या ताज्या अनुभवातून चार सल्ले देतो, फुकट.

पहिला. खिडकीबाहेर बघू नका. बाहेर कडक ऊन असेल आणि बोर्डावर 'खराब हवामान' असेल, तर बोर्ड खरा. काउंटरवरच्या पोराला 'कुठलं हवामान?' असं विचारून लाजवू नका. हवामान मुंबईचं असतं. तिथं धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणजे एका वेळी चालणार एकच. एरवी त्या एकीवर तासाला ४५च्या आसपास विमानं चढतात-उतरतात. पाऊस कोसळायला लागला, समोरचं दिसेना झालं, की दोन विमानांतलं अंतर वाढवावं लागतं आणि आकडा घसरतो. मग विमानतळ प्राधिकरणाचं दिल्लीतलं केंद्र हिशेब मांडतं आणि मुंबईकडं निघालेल्या विमानांना उड्डाणाची नवी वेळ ठरवून देतं. वर घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा खाली थांबलेलं बरं. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात आणि कुणालाही पटतं. म्हणूनच सांगत नसावेत.

दुसरा. बोर्डावरच्या वेळेवर श्रद्धा ठेवा. ती अर्ध्या-अर्ध्या तासानं पुढं सरकते.

तिसरा. घरून जेवून निघा. या मार्गावर २ तासांच्या वर उशीर झाला की खाणं-पिणं द्यायचं असा नियम आहे, आणि तो पाळलाही जातो. कपातला कोरडा उपमा मिळतो. वरून गरम पाणी घालायचं असतं. ते संपलेलं असतं.

चौथा. 'बोर्डिंग सुरू' असं ऐकलं की आनंदानं धावत सुटा, कारण आता तुम्हाला आत कोंडणार आहेत. दारं लागतात, पट्टे बांधले जातात आणि विमान जागचं हलत नाही. एसी नावापुरता. मागच्या रांगेतलं पोर रडून रडून झोपतं, उठतं, परत रडतं. हवाईसुंदरी म्हणते, 'शॉर्टली, सर.' उड्डाणाची वेळ वरून आलेली आहे, कॉकपिटमध्ये ती माहीत आहे, कंपनीच्या ऑफिसात माहीत आहे. माहीत नाही ती फक्त तिकिटाचे पैसे भरलेल्यांना! तरी आत का बसवतात? तर माणसं एकदा आत गेली की काउंटरवर भांडायला कुणी उरत नाही. मग तासाभरानं कळतं की वैमानिकाच्या ड्युटीचे तास संपले, दुसरा येतोय. हेसुद्धा हवामानच बरं का! हवामान म्हटलं की भरपाई द्यावी लागत नाही. एवढा सोयीचा शब्द कोण सोडेल?

पाचवा सल्ला देणार होतो, बसचं तिकीट कसं बुडवावं यावर. राहू दे. डोकं फिरतंय.

अहो, पावसाशी आमचं भांडण नाही. आम्ही कृष्णाकाठची माणसं. कोयनेतून किती क्युसेक सोडणार हे आम्हाला पाणी सुटायच्या आधी कळवतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका; मग म्हातारी माणसं आणि जनावरं आधी हलवतात. पाणी थांबवता येत नाही, पण कळवता येतं. तुम्हा विमान कंपन्यांना तर मिनिटांच्या हिशेबात वेळ लिहून मिळते. ती दाबून ठेवता आणि वर 'सहकार्याबद्दल धन्यवाद' म्हणता? कसलं सहकार्य? चार तास लागणार असतील तर बोर्डावर चार तास लिहा. आम्ही बाहेर बसू, घरी कळवू, बस बदलू. वैमानिक नसेल तर नाही म्हणा. आणि दार लावायच्या आधी सांगा, लावल्यावर नव्हे.