पोपडा उलटा करून बघा

श्रावण लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. गणपतीआधी घर रंगवून घ्यायची सगळ्यांना घाई असते, त्यामुळे तो वाचलाही जातो. त्यात सांगितलेलं असतं ते थोडक्यात असं: एका खोलीत दोन कंपन्यांचे रंग वापरू नका, केमिकल रिअ‍ॅक्शन होऊन वर्षभरात पोपडे निघतात. पुट्टी, प्रायमर, रंग सगळं एकाच कंपनीचं घ्या. छताला स्वस्त रंग लावलात तर भिंतीवरचे पैसेही पाण्यात. कंपनी एक असली की शेड बदलत नाही. आणि अख्खी खोली प्रीमियम रंगात केली की ओलीची कटकट संपली. खाली ‘जनहितार्थ’ आणि जोडलेले हात. यंदा तो मला तीन जणांनी पाठवला, त्यात माझी सख्खी मावशीही. मी भांडुपला रंगाच्या दुकानात काउंटरवर असतो, बारा वर्षं झाली. महाग बादली खपली तर आमच्या शेठचा फायदाच आहे. तरी लिहितो.

आधी ती रिअ‍ॅक्शन. गिरगाव-लालबागच्या कुठल्याही जुन्या खोलीची भिंत खरवडून बघा. तळाला चुना, त्यावर डिस्टेंपर, कुणीतरी हौसेने मारलेला ऑइल पेंट, वर प्लास्टिक पेंट. कुठला थर कुठल्या कंपनीचा हे आजोबांनाही आठवत नसतं. नेरोलॅकचं मूळ 1920 मधल्या लोअर परळच्या कारखान्यात, एशियन पेंट्स 1942 ची, तीही मुंबईचीच. या शहराच्या भिंतींवर दोघींचे थर किती दशकं एकमेकांवर चढतायत. दोन कंपन्यांचे वाळलेले थर एकमेकांना भिडून भांडत असते तर मुंबईत एक भिंत धड राहिली नसती. आजच्या घरातल्या इमल्शनचा, म्हणजे पाण्यातल्या रंगाचा, मसाला सगळीकडे त्याच जातीचा: चिकटवणारं अ‍ॅक्रिलिक, झाकणारा पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड, भरीला खडूची पूड, आणि पाणी. स्वस्त आणि महाग यात मुख्य फरक चिकटवणारं किती आणि भर किती, याचा.

मग पोपडे का निघतात? निघालेला पोपडा उलटा करून बघा, तोच सांगतो. मागच्या बाजूला पिठासारखी पांढरी पूड असेल तर खालचं जुनं डिस्टेंपर खरवडलेलंच नाही. नवा रंग भिंतीला धरलाच नव्हता, पिठाला धरला होता. पाठ गुळगुळीत आणि भिंतीवर जुना ऑइल पेंट चकाकत असेल तर पॉलिश पेपर मारायचा कंटाळा केलाय. आणि भिंतीवर मिठासारखे बारीक खडे दिसले तर ओल. बारा वर्षांत लोकांनी पिशवीत घालून आणलेले पोपडे मी पुष्कळ पाहिले, पण यातलं काहीच नाही आणि निव्वळ कंपनी बदलल्यामुळे निघालाय असा एकही नाही. रंगवण्याआधी भिंतीवर तळहात घासून बघा. हात पांढरा झाला की समजायचं, खरवडल्याशिवाय गत्यंतर नाही.

मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. वाळलेल्या थरावर दुसऱ्या कंपनीचा थर देणं वेगळं आणि एकाच बादलीत दोन कंपन्यांचे रंग ओतणं वेगळं. ते करू नका. दोन्ही पाण्यातले रंग असले तर बहुतेकदा निभावतं, पण घट्टपणा आणायला प्रत्येकाने घातलेला माल वेगळा असतो. कधी मिश्रण जाड होतं, कधी चकाकी मरते. आणि ऑइल पेंट पाण्याच्या रंगात ओतलात तर सरळ नासलेलं दूध.

पुट्टी-प्रायमरचा मुद्दा लवकर उरकतो. मुंबईत वर्षानुवर्षं पुट्टी बिर्ला व्हाइटची नाहीतर जेके ची, आणि वर रंग भलत्याच कंपनीचा. बिर्ला समूहाचा स्वतःचा ओपस रंग बाजारात आला 2024 मध्ये. तोवरच्या सगळ्या भिंती काय खाली आल्या? बघायचं ते एवढंच, की पुट्टी पूर्ण वाळलीय का आणि प्रायमरचा हात खरंच दिलाय का. वॉरंटीवाला रंग घेणार असाल तर मात्र कागद वाचा. कंपनी तिथे आपलंच प्रायमर, आपलीच पद्धत अशी अट घालते, आणि तेव्हा ती पाळावी लागते. तो करार झाला, रसायनशास्त्र नव्हे. आणि पेंटर एकाच कंपनीचा हट्ट धरत असेल तर बादलीमागे त्याला टोकन किंवा पॉइंट मिळतात हेही लक्षात असू द्या. त्याच्यावर रागावू नका, त्याचीही दिवाळी असते.

छताला महाग रंग? दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली धरा. दार-खिडकी वजा जाता भिंती साडेतीनशे चौरस फूट, छत 120. म्हणजे कामाचा चौथा हिस्सा छत आहे, आणि त्याला कुणी हात लावत नाही, पाठ टेकत नाही, त्यावर खडू ओढत नाही. महाग रंगाचे पैसे आपण देतो ते ओल्या फडक्याने पुसता यावं म्हणून. छत कोण पुसतं? उलट चकाकीचा रंग वर लावलात तर ट्यूबलाइट लावल्याबरोबर रोलरचा प्रत्येक पट्टा मोजता येतो. तिथे साधा मॅट पांढराच बरा. वाचलेले पैसे सोफ्यामागच्या भिंतीवर आणि बटणांच्या आजूबाजूला घाला. स्वयंपाकघराचं छत तेवढं अपवाद. फोडणीचा धूर तिथे बसतो, पुसावं लागतं.

स्वस्त म्हणजे नावाजलेल्या कंपनीची खालची रेंज, बिननावाचा डबा नव्हे. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर असू नये असा नियम 2016 मध्ये आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, वाचून घ्या. चाळीतल्या जुन्या दारांवरचा ऑइल पेंट त्याआधीचा असतो. तो कोरडा घासून घरभर धूळ उडवू नका, पाणी लावून घासा, आणि पोरांना तेवढे दिवस आजीकडे पाठवा.

शेडचा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण तो अर्धा खरा आहे. मुलुंडच्या एका काकांना हॉलच्या शेवटच्या भिंतीला रंग कमी पडला. आम्ही बंद होतो, म्हणून त्यांनी दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या कंपनीच्या रंगात तीच शेड मशीनवर काढून घेतली. रात्री ट्यूबच्या उजेडात काम झक्कास. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आडवं पडलं आणि भिंतीच्या मधोमध उभी रेघ! दोन दिवस ते मोबाइलवर फोटो काढत होते, फोटोत काही दिसेना. काकूंना मात्र ती स्वयंपाकघरातून दिसत होती. शेवटी अख्खी भिंत पुन्हा केली. पण एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्येही असा फरक पडतो, हे त्या मेसेजात नाही. म्हणून बादल्यांवरचा बॅच नंबर बघून घ्यायचा, एका भिंतीचा सगळा रंग आधी एका पिंपात एकत्र ढवळायचा, आणि कंपनी बदलायचीच झाली तर कोपऱ्यावर बदलायची. कोपऱ्यापलीकडे उजेड वेगळाच पडतो, डोळ्याला जुळवता येत नाही.

राहिली ओल. आतला रंग कितीही भारी घेतलात तरी पाणी बाहेरच्या भेगेतून, गच्चीच्या कठड्यातून नाहीतर वरच्यांच्या बाथरूममधून येतं. रंगाला ते अडवता येत नाही, तो फक्त फुगतो. घट्ट महाग थर असेल तर फुगा मोठा, एवढाच फरक. शंका असेल तर फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. बाहेरच्या बाजूला दमटपणा आला तर तो मुंबईच्या हवेचा. आतल्या बाजूला थेंब जमले तर कुठल्याच कंपनीची बादली उघडू नका, आधी वरच्या मजल्याची बेल वाजवा.