शॉर्टसर्किटरावांच्या स्वागताची तयारी

महाराष्ट्रात आग लावणारा इसम एकच. गोदाम जळो, दुकान जळो की सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचंच नाव: 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.' दुय्यम अंदाज कधी छापून आल्याचं मला आठवत नाही. पण शॉर्टसर्किटरावांवर हा अन्याय आहे हो. ते बहुतेक वेळा शेवटी उगवतात, अक्षता पडायच्या वेळी. फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांच्यामधला आंतरपाट म्हणजे वायरवरचं इन्सुलेशन. तो महिनोन्‌महिने तापवून, मऊ करून, अखेर खाली उतरवण्याची मेहनत घरच्या मंडळींचीच असते. श्रेय मात्र पाहुणे घेऊन जातात.

ही मेहनत आपणही मनापासून करावी. घराचं काम काढलंच असेल तर खर्चाचा प्राधान्यक्रम आधी ठरवून टाका. पीओपीचं सिलिंग दिसतं, ट्रॉल्या दिसतात, वायर भिंतीत जाते. जे दिसत नाही त्याला आयएसआयचा शिक्का कशाला हवा? वायरमन कुरकुरेल, 'एसीला चार स्क्वेअर मिलिमीटर जाडीची वायर लागेल, गीझरला अडीचची.' त्याला सांगा, दिव्यांचं दीडच्या वायरचं बंडल उरलंय, तेच ओढ. कमी पडलं तर मध्ये जॉइंट मार, वर टेप गुंडाळ, प्लॅस्टर कर. कुठला पाइप कुठून गेला याचा कागद करू नका. पुढे टीव्हीसाठी ड्रिल मारताना गंमत राहायला हवी.

स्वयंपाकघरात मात्र हात आखडू नका. ओट्यावर 6 अँपिअरचं एक एक्स्टेंशन आणा, स्वस्तातलं, पातळ वायरीचं. त्यावर 2000 वॅटची इंडक्शन आणि 1500 वॅटची केटल एकदम लावा. 230 व्होल्टला हे 15 अँपिअर होतात, म्हणजे बोर्डाच्या कुवतीच्या अडीचपट. आता कोणी विज्ञानवाला म्हणेल की उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, अडीचपट करंट म्हणजे सहापट ताप. म्हणू दे. उरलेली वायर तशीच गुंडाळी करून फ्रिजमागे सारा. गुंडाळीतली वायर लवकर तापते, थंडीत बरंच की.

खरा अडथळा येतो तो एमसीबीचा, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्याचा. काय चुगलखोर यंत्र आहे! घरात सगळं सुरळीत चाललेलं असताना खटकन पडतो आणि ऐन आयपीएलमध्ये अंधार करतो. जुन्या घरांत किटकॅट फ्यूज (चिनी मातीचे, तार बदलता येणारे) होते तेव्हा माणसं समजूतदार होती. फ्यूजची केसाएवढी तार दोनदा उडाली की तिसऱ्यांदा तांब्याच्या तारेची वेणी घालत, आणि अगदीच नड असली तर सिगरेटच्या पाकिटातली चांदी. मग तो फ्यूज जन्मात उडत नसे. घर उडेल, फ्यूज नाही.

एमसीबीत वेणी घालता येत नाही, म्हणून त्याचं तोंड बंद करायची रीत वेगळी. वायरमनला नुसतं म्हणायचं, 'दादा, हा सारखा पडतोय.' दादा चांगला असेल तर लोड बघायला लागेल. असला दादा लगेच बदला. दुसरा सापडतोच, जो 16 अँपिअरचा एमसीबी काढून 32 चा टाकतो. पाइपात कोंबलेल्या अडीचच्या वायरीला साधारण 20 अँपिअरच्या पुढे झेपत नाही. पण 32 चा रखवालदार 28 ला सलाम ठोकून जाऊ देतो. वायर भाजत राहते, दिवे चालू राहतात. खटक्याला चिकटपट्टी लावून तो वर बांधण्याची आयडिया काहींना सुचते. उपयोग नाही. बनवणाऱ्यांनी तुम्हाला आधीच ओळखलंय: खटका वर बांधला तरी आतून तो तुटतोच. ग्राहकावर इतका अविश्वास बरा नव्हे.

त्याच्या शेजारी बसलेला आरसीसीबी तर आणखी हळवा. 30 मिलिअँपिअर करंट कुठे झिरपला की हा पडला. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीमुळे पडतो, गीझरची कॉइल फुटली म्हणून पडतो. याला थेट बायपास करा. काही कारणाने तो राहिलाच, तर त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते दाबून चाचणी घ्यायची असते. 'टी' म्हणजे टाळा, असं समजा.

अर्थिंगबद्दल काय बोलावं? तीन पिनांच्या प्लगमधली लांब, जाड पिन ही निव्वळ अडगळ. ती सर्वांत आधी लागावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून लांब ठेवलेली असते, असं सांगतात. पकडीने मोडून टाका, प्लग कुठेही बसतो. वॉशिंग मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर स्लिपर घाला.

एवढं करूनही एमसीबी पडायचा राहिला नसेल, तर ढिल्या जॉइंटकडे वळा. हे फार सुरेख काम आहे. स्क्रू अर्धवट आवळलेला असतो, करंट नेहमीएवढाच जातो, म्हणून एमसीबीला काही कळतच नाही. पण त्या एका टोकाला ठिणग्या पडतात, तांबं काळं पडतं, काळं पडलं की आणखी तापतं. खुणा दिसतात: दिवा मिचमिचतो, बोर्डातून चरचर ऐकू येते, सॉकेटची भोकं तपकिरी होतात. बोर्डावर कॅलेंडर टांगा. रेडिओ मोठा करा.

राहता राहिला वास. तापलेल्या स्विचच्या प्लॅस्टिकला कधी कधी चक्क मासळीसारखा वास येतो. शाकाहारी कुटुंबांसाठी हे वरदानच. समजा, श्रावणातला सोमवार आहे आणि तुमच्या बेडरूममध्ये सुकट भाजल्याचा वास दरवळतोय. मेन स्विच पाडून वायरमनला बोलावणं हे भित्र्या माणसाचं काम. तुम्ही खालच्या मजल्यावर जाऊन बेल दाबा. ते म्हणतील, आमच्याकडे आज उपास आहे. मुळीच विश्वास ठेवू नका. 'सणावाराचं तरी भान ठेवा' असं ऐकवून वर या आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावा.

सेक्रेटरी वही घेऊन येतील. हुंगतील, मान डोलावतील. तक्रार लिहून घेताना त्यांचा हात सहज भिंतीवरच्या बोर्डाला टेकेल आणि चटकन मागे येईल. 'गरम लागतंय हो,' म्हणतील. 'गीझर चालू आहे ना, म्हणून,' असं सांगून त्यांना बसवा आणि चहा ठेवा. केटल त्याच बोर्डावर लावा.