रविवारची १३६५ पायऱ्यांची शिकवणी

कोरियात इंग्रजी शिकवायला निघालेल्या माणसाला सोमवार ते शुक्रवारची भीती घालणारे पुष्कळ भेटतात. रविवारबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

मी देगू शहरातल्या एका खासगी क्लासात शिकवते. अशा क्लासात इंग्रजी शिकवायचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका ह्या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. माझं इंग्रजी सांगलीत सुरू झालं, पण पासपोर्ट न्यूझीलंडचा. पहिल्या दिवशी मुलांच्या आयांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि शेवटी पासपोर्टावर विश्वास ठेवायचं ठरवलं. पोरं शाळेतून गणिताच्या क्लासला, तिथून माझ्याकडे, माझ्याकडून पियानोला. लातूरच्या माणसाला इथे अजिबात परकं वाटणार नाही. रात्री दहाला क्लास बंद करायचा सरकारी नियम आहे म्हणून बरं, नाहीतर आयांनी मला तिथेच अंथरूण घालून दिलं असतं. त्यांचा प्रश्न एकच: ऐकण्याच्या परीक्षेत मार्क कमी का?

तर इंग्रजी आणि आया ह्या दोन्हींपासून लांब जावं म्हणून मी डोंगर निवडला. देगूच्या वेशीवर पाल्गोंगसान आहे, २०२३ च्या शेवटी तो राष्ट्रीय उद्यान झाला. त्यावर साडेआठशे मीटर उंचीवर गात्बावीचा दगडी बुद्ध बसलाय, सिल्ला ह्या प्राचीन कोरियन राजवटीतला. डोक्यावर एक सपाट दगड, जुन्या कोरियन टोपीसारखा. दोंगदेगू स्टेशनावरून ४०१ नंबरची बस थेट पायथ्याशी सोडते. पुढे १३६५ पायऱ्या. मागच्या बाजूने, ग्योंगसानकडून, म्हणे निम्म्या वेळात पोचता येतं. पण ते कळतं वर गेल्यावर.

बसमधून उतरल्या त्या सगळ्या साठीच्या पुढच्या आजुम्मा, म्हणजे आपल्याकडच्या मावश्या. हातात दोन-दोन काठ्या, हातमोजे, कपाळावर झापड असलेली टोपी, गळ्यापासून नाकापर्यंत फडकं आणि अंगात असं गुलाबी जाकीट, की वाट चुकली तर विमानातून दिसावं. आपण सिंहगडावर चपला घालून जातो आणि पिठलं-भाकरी खाऊन येतो. ह्या बायका निघाल्या होत्या एव्हरेस्टला.

तिसऱ्या वळणावर त्यांनी मला गाठलं. देश कुठला? वय किती? लग्न? मुलं? प्रश्न ह्याच क्रमाने आले आणि क्षणभर मिरजेच्या पॅसेंजरमध्ये बसल्यासारखं वाटलं. एकीने अर्धी काकडी माझ्या हातात कोंबली. कोरियात डोंगरावर काकडी हवीच. तोवर सगळं छान चाललं होतं. मग पुढचा प्रश्न आला: काम काय करतेस?

मी खरं सांगितलं.

काठ्यांची टकटक थांबली. एकीचा नातू सहावीत होता, दुसरीची नात अकरावीत. मला धड श्वास घेता येत नव्हता आणि आजुम्मा विचारत होत्या, रोज किती शब्द पाठ करावेत? अमेरिकेतले उच्चार बरे की इंग्लंडमधले? न्यूझीलंडचे कुणी विचारले नाहीत. माझं कोरियन संपलं की त्या फोनमधलं भाषांतराचं ॲप माझ्या तोंडापुढे धरत. ॲपला नुसती माझी धाप ऐकू जायची आणि ते तिचंही काहीतरी भाषांतर करून दाखवायचं.

वर पोचले तर अख्खं पटांगण आयांनी भरलेलं. हा बुद्ध प्रत्येकाची मनापासून केलेली एक इच्छा पुरी करतो अशी ख्याती आहे, आणि नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी असते सुनुंग, विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. सुमारे पाच लाख पोरं बसतात. आया शंभर दिवस आधीपासून नवस बोलतात, मेणबत्त्या लावतात, एकशेआठ नमस्कार घालतात. परीक्षेच्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात, उशीर झालेल्या पोरांना पोलीस गाडीतून पोचवतात. आणि दुपारी पस्तीस मिनिटं देशभरात एकही विमान उडत नाही की उतरत नाही. का? तर इंग्रजीची ऐकण्याची परीक्षा चालू असते! आपण बारावीच्या पोराच्या हातावर दही-साखर ठेवून मोकळे होतो. इथे आकाश रिकामं करतात. गणितासाठी करत नाहीत हं, माझ्या विषयासाठी करतात. हा मान आपल्याला कुणी मागितला होता?

थोडक्यात, ज्यांना चुकवायला चढले त्या सगळ्या माझ्या आधी वर पोचल्या होत्या.

"सनसेंगनीम!"

सनसेंगनीम म्हणजे शिक्षिका, म्हणजे मीच. मागे वळले. माझ्याच क्लासातल्या एका मुलीची आई, सतरंजीवर गुडघे टेकलेली. तिने एकदा बुद्धाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. नवस इतक्या तातडीने फळाला येईल अशी तिची अपेक्षा नसावी. पुढच्या पाच मिनिटांत आजूबाजूच्या बायकांना माझी ओळख करून दिली गेली आणि मी बुद्धाकडे पाठ करून पालकसभा घेऊ लागले.

मठातलं जेवण तेवढं निर्विघ्न पार पडेल असं वाटलं होतं. शाकाहारी माणसाला कोरियात किमचीसुद्धा, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं, जपून खावी लागते, तिच्यात बहुधा मासळीचा अर्क नाहीतर खारवलेली कोळंबी असते. मठाच्या स्वयंपाकात मात्र मासा नाहीच, कांदा-लसूणही नाही. म्हणजे माझ्या आजीचा चातुर्मास, बारा महिने. भात, सोयाबीनचं कढत सार, भाजी. पहिला घास तोंडात गेला आणि शेजारी वही उघडली गेली. मुलीचा निबंध होता. ती आई तो डोंगरावर का घेऊन आली होती हे मी विचारलं नाही. बुद्धाला दाखवायला आणला असेल. तपासला मात्र मी.

उतरल्यावर पायथ्याशी हवेचा झोत मारणाऱ्या बंदुकीने बुटांवरची धूळ उडवून घेतली. ही सोय मला फार आवडते. पाच मिनिटांत आपण पुन्हा स्वच्छ होऊ शकतो असं वाटतं.

बसमध्ये ती बाई अर्थातच शेजारी बसली. पुढच्या रविवारी कुठे? मी सावधपणे सांगितलं, बुसानला, समुद्रावर. तिचा चेहरा खुलला. गात्बावीच्या बुद्धाचं तोंड बुसानकडेच आहे, म्हणून तिकडच्यांचे नवस तो आधी ऐकतो म्हणतात. शिवाय तिची बहीण बुसानलाच असते. बहिणीला दोन मुलं, थोरला यंदा सुनुंगला बसतोय. ऐकण्यात जरा कच्चा आहे. बस स्टेशनात शिरायच्या आत बहिणीचा नंबर माझ्या फोनमध्ये गेला होता, आणि रविवारी दुपारची वेळसुद्धा ठरली होती.