बायोप्सीच्या सुईने कॅन्सर पसरतो?

‘पोटात गाठ असेल तर बायोप्सी करू देऊ नका, सुईने कॅन्सर अंगभर पसरतो’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. पोटाच्या मागच्या भागातल्या सार्कोमासाठी (चरबी, स्नायू, हाडं अशा भागांत होणारा कॅन्सर) सुई सहसा पाठीकडून, सीटी स्कॅनवर बघत, बारीक नळीतून घालतात. नमुनेही त्याच नळीतून बाहेर येतात, त्यामुळे पेशी वाटेत सांडण्याची शक्यता अगदी कमी. पोट उघडून किंवा दुर्बिणीतून तुकडा घेणं मात्र टाळतात. गैरसमज कदाचित तिथूनच आला असावा.

मला काळजी वाटते ती निदानाआधीच घाईने केलेल्या ऑपरेशनची. लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा सार्कोमा, स्कॅनवर कधीकधी साध्या चरबीसारखा दिसतो. थोडा मागे राहिला तरी तिथेच पुन्हा वाढतो. म्हणून गाठ न फोडता, गरज पडल्यास मूत्रपिंड आणि आतड्याचा भागही सोबत घेऊन, एकसंध काढावी लागते. पूर्ण बरं होण्याची सर्वांत चांगली संधी पहिल्याच ऑपरेशनला असते.