चोर एक, टक् चौदा

माझी आत्या ऐंशीची आहे आणि तिच्या लहानपणी घरात एकदा चोर शिरला होता. ही गोष्ट तिच्याच आवाजात जपून ठेवावी, असं माझ्या मनात आलं. चांगले विचार मला फार क्वचित सुचतात आणि सुचले की महागात पडतात.

मायक्रोफोन, त्याचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारी डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, कॉम्प्युटर असा सरंजाम मांडला. आत्यानं मायक्रोफोनकडे बघून आधी पदर सारखा केला, मग सुरुवात केली. २२ मिनिटं बोलली. चोर एक. अंधारात त्याच्या पायानं भांडं पडलं, त्या आवाजानं तोच घाबरला आणि पळाला. आत्या गोधडीत गाढ झोपलेली; तिला हे सगळं सकाळी कळलं.

रात्री ऐकायला बसलो. चौथ्या मिनिटाला ‘टक्’. पुढे पुन्हा ‘टक्’. एकूण चौदा. एकदा हा आवाज कानात बसला की माणूस गोष्ट ऐकत नाही, पुढच्या टक्ची वाट बघत बसतो.

पडद्यावर ती जागा मोठी करून पाहिली. आवाज मर्यादेबाहेर गेला की लाटेचा माथा कापल्यासारखा सपाट दिसतो. तसं काही नव्हतं. विजेची घरघर असती तर ती सतत, एका लयीत दिसली असती. इथे लाट छान वळणं घेत येत होती आणि मध्येच कड्यावरून पडावी तशी सरळ खाली. म्हणजे मधला तुकडाच गायब आणि दोन्ही टोकं तशीच एकमेकांना चिकटवलेली. त्या तुटक्या सांध्याचा आवाज म्हणजे टक्.

तुकडा जातो कुठे? आवाजाची मोजदाद सेकंदाला ४४,१०० वेळा होते. हे नमुने नळाच्या पाण्यासारखे अखंड येत राहतात आणि कॉम्प्युटर ते बादलीत धरतो. या बादलीला बफर म्हणतात. भरलेली बादली वेळेवर उचलली नाही की पाणी सांडतं. माझी बादली १२८ नमुन्यांची होती, म्हणजे ती तीन मिलिसेकंदांच्या आतच भरत होती. बादली नव्हे, चमचाच तो. कॉम्प्युटर पलीकडे दुसऱ्या कामात जरा गुंतला की इकडे आत्याचं अर्धं अक्षर मोरीत.

बफर १०२४ केला आणि आत्याकडे गेलो. “आत्या, पुन्हा एकदा सांगशील?”

“का रे? आवडली नाही?”

“तसं नाही. आवाजात जरा टकटक येतेय.”

तिनं ‘बरं’ म्हटलं, पण तिचा विश्वास बसला नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. गोष्ट कमी पडली, असाच अर्थ तिनं काढला. कारण या खेपेला चोर दोन झाले आणि आत्याला जाग आली.

टक् मात्र अजून तीन शिल्लक. मी हट्टाला पेटलो आणि बफर ४०९६ केला. आता टक् एकही नाही, पण आत्या अडखळायला लागली. चो-चोर, कु-कुऱ्हाड. (कुऱ्हाड या खेपेला नवीन आली होती.) मला वाटलं, वयामुळे असेल. वय तिचं नव्हतं, बादलीचं होतं. तिच्या हेडफोनमध्ये तिचाच आवाज कॉम्प्युटरमधून फिरून येत होता. एवढी मोठी बादली भरायला ९३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन १८६. स्वतःचा आवाज स्वतःच्याच कानांवर साधारण एक-पंचमांश सेकंद उशिरा पडला की भल्याभल्यांची जीभ अडखळते. “माझ्या मागून वेडावून कोण दाखवतंय?” असं विचारून तिनं हेडफोन काढून ठेवले. वास्तविक माइकचा आवाज कॉम्प्युटरची वाट न बघता इंटरफेसमधूनच कानात सोडायचं एक बटण त्या डबीवर होतं. मी ते पाहिलंही होतं. त्यावर धूळ बसू नये म्हणून चिकटपट्टी लावली होती.

चौथ्या खेपेला मी नमुन्यांचा वेग सेकंदाला ४८,००० केला. का, ते आता मलाही सांगता येणार नाही. अशा वेळी माणूस दिसेल ते बटण दाबतो. पुढे फाइल उघडताना ४४,१०० अशी उघडली. त्यामुळे आवाज आठ टक्क्यांनी संथ झाला आणि जवळजवळ दीड अर्धस्वर खाली उतरला. आत्यानं ऐकलं आणि एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “हा तर दादाचा आवाज.” दादा म्हणजे माझे वडील. मी पुन्हा ऐकलं. खरंच होतं. ती फाइल मी दुरुस्त केलेली नाही.

खरा गुन्हेगार सापडायला अजून आठवडा गेला. इंटरफेसची तार हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला जोडली, वीज वाचवायच्या सगळ्या सोयी बंद केल्या, फरक शून्य. शेवटी कॉम्प्युटरमधला कोणता ड्रायव्हर (म्हणजे एकेक उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) किती वेळ अडवून बसतो, हे दाखवणारा एक प्रोग्रॅम लावला. थोड्या थोड्या वेळानं एक पट्टी लालभडक व्हायची. नाव निघालं वाय-फायच्या ड्रायव्हरचं. तो मध्येच उठून आजूबाजूची नेटवर्क्स धुंडाळायचा आणि तेवढा वेळ बादली उचलायला कोणीच नसायचं. मी वाय-फाय बंद केलं. पट्टी हिरवी झाली. आठवडाभर मी याच वाय-फायवरून यावरचे उपाय शोधत होतो.

पाचवं रेकॉर्डिंग आरशासारखं स्वच्छ. बफर २५६, टक् शून्य, आत्या खणखणीत. फक्त चोर चार झाले होते आणि तिनं एकटीनं त्यांना नदीपर्यंत पिटाळलं होतं.

आता काय करायचं? खरी गोष्ट टक्च्या रेकॉर्डिंगमध्ये आणि स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये कादंबरी. मी पहिली फाइल पुन्हा उघडली. एकेक टक् इतका मोठा केला की नमुन्यांचे सुटे ठिपके दिसायला लागले आणि सॉफ्टवेअरमधल्या पेन्सिलीनं तुटलेली लाट हातानं जुळवत बसलो. रुंद फटी पेन्सिलीला दाद देईनात. तिथे दोन्ही कडा एकमेकींत हळूच विरवल्या. तेरा टक् असे गेले. चौदावा ‘भांडं पडलं’ या शब्दांनंतर लगेच होता. तो मी राहू दिला.

दुसऱ्या दिवशी आत्याला ऐकवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. भांडं पडलं. टक्.

“अगदी अस्साच आवाज आला होता बघ,” ती म्हणाली. तेव्हा ती गोधडीत गाढ झोपली होती, हा विषय मी काढला नाही.

मग तिनं डोळे उघडले. “पण चोर चार होते. तेवढं तुझ्या त्या पेन्सिलीनं दुरुस्त कर.”