बिनवायरचा स्टिरिओ हेडसेट: पहिले मत

कान पूर्ण झाकणारा बिनवायरचा स्टिरिओ हेडसेट सध्या मी वापरत आहे. त्याविषयीचे माझे पहिले मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. वायर गेल्यामुळे आपल्याला मिळते ती वावरण्याची मोकळीक. आवाज त्यामुळे सुधारत नाही. उलट या मोकळिकीची किंमत आवाजाला कुठे ना कुठे मोजावी लागते, आणि ती नेमकी कुठे, हे खोक्यावर छापलेले नसते. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या तंत्राच्याच आहेत आणि थोड्याफार फरकाने कोणत्याही कंपनीच्या मालाला लागू पडतात.

आधी चांगले ते सांगतो. आमच्या पिढीचे कान आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर आणि एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर तयार झाले. तिथे गायक, पेटी, तबला, टाळ असे सगळेच एका जाळीतून बाहेर पडत असे आणि आपल्याला त्यात काही कमी आहे असे वाटतही नसे. नीट ध्वनिमुद्रित केलेले भजन या हेडसेटवर ऐकताना पखवाज डाव्या अंगाला, टाळ उजव्या अंगाला आणि बुवांचा आवाज बरोबर मध्ये, अशी मंडळींची बैठक उलगडत जाते. दोन ओळींमधल्या शांततेत पेटीचा भाता दाबल्याचा हलका फुसकाराही कानाला लागतो. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने दोन वाहिन्यांच्या, म्हणजे स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी 1931 साली अर्ज केला होता. प्रत्यक्षात स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळल्या त्या 1958 च्या सुमारास. म्हणून जुन्या गवयांच्या, मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांवरची गाणी मुळात एकाच वाहिनीची आहेत आणि ती हेडसेटवर डोक्याच्या मध्यभागी वाजल्यासारखी वाटतात, त्यात हेडसेटचा दोष नाही. अशा गाण्यांना कृत्रिम रीतीने स्टिरिओ करून इंटरनेटवर टाकणारे उत्साही लोक मात्र गायकाला झोपाळ्यावर बसवतात. मला ते अजिबात सहन होत नाही.

बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या सोयीची परीक्षा परभणीच्या मे महिन्याइतकी कडक दुसरीकडे क्वचितच होत असेल. खोलीत लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर चालू, वर पंखा चालू आणि शेजाऱ्याचाही कूलर आमच्याच खिडकीकडे तोंड करून. हेडसेटवरील बटण दाबताच कूलरची ती सलग घरघर एकदम खाली बसते. पण कूलरच्या पंपातून वाळ्याच्या ताट्यांवर पडणाऱ्या पाण्याची टपटप तशीच राहते आणि स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी तर जास्तच ठळक ऐकू येते. याचे कारण साधे आहे. हेडसेटच्या बाहेरील माइक आवाज टिपतात आणि आतील यंत्रणा त्याच्या नेमकी उलटी लहर तयार करून मूळ लहरीला छेद देते. सलग चालणाऱ्या, खालच्या पट्टीतल्या, साधारण एक हजार हर्ट्झच्या आतील आवाजाला हे जमते. अचानक उठणाऱ्या किंवा वरच्या पट्टीतल्या आवाजासमोर ते तोकडे पडते आणि तिथे कानावरच्या जाड गादीचाच काय तो आधार. ही कल्पना अमर बोस यांना 1978 साली विमान प्रवासात सुचली आणि पुढे वैमानिकांच्या हेडसेटमधून ती बाजारात आली, म्हणजे तिचा जन्मच सलग घरघरीवर उपाय म्हणून झाला. कूलरवर ती चालते यात नवल नाही.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि ज्याविषयी विकणारे कधी बोलत नाहीत, त्याकडे येतो. गाणे ऐकत असताना फोन आला की हा हेडसेट स्टिरिओ राहत नाही. आईचा गावाहून फोन आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत हेडसेटवरूनच बोलू लागलो, तर पलीकडून तिचे पहिले वाक्य आले, "काय रे, विहिरीतून बोलायलास का?" मलाही तिचा आवाज पातळ आणि चपटा ऐकू येत होता. ब्लूटूथमध्ये संगीतासाठी एक मार्ग आणि संभाषणासाठी दुसरा मार्ग ठरवून दिलेला आहे. संगीताच्या मार्गावर आवाज दोन वाहिन्यांनी, पण एकाच दिशेने, म्हणजे फोनकडून कानाकडे जातो. संभाषणाला दोन्ही दिशा लागतात. म्हणून माइक सुरू होताच जोडणी दुसऱ्या मार्गावर जाते आणि तिथे एकच वाहिनी असते. संगीतासाठी आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतले जातात, म्हणजे लहरीची तितक्या वेळा नोंद होते. संभाषणाच्या जुन्या पद्धतीत ते फक्त 8,000 असतात आणि सुधारलेल्या पद्धतीत 16,000. आईला विहीर आठवावी यात तिचे काही चुकले नाही.

ज्यांच्या कचेरीत सतत ऑनलाइन बैठका चालतात त्यांना हा फरक रोज जाणवतो, आणि बरेच जण नवा हेडसेट बिघडला असे समजून तो परत करायला निघतात. संगणकावर यावर एक उपाय आहे. बैठकीच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडसेट निवडावा आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचाच माइक निवडावा, म्हणजे जोडणी संगीताच्या मार्गावर टिकून राहते आणि समोरच्यांनाही आपला आवाज सहसा अधिक स्वच्छ जातो. 2020 साली जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण बरीच दूर होते, परंतु त्यासाठी फोन आणि हेडसेट या दोघांनीही ती पद्धत स्वीकारलेली असावी लागते. दुकानात हा प्रश्न विचारला असता मला बॅटरी किती तास चालते याचे उत्तर मिळाले.

संगीताच्या मार्गावरही आवाज आकसूनच, म्हणजे त्यातली माहिती कमी करूनच जातो. सीडीवरील आवाजाला सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट लागतात, तर सर्व हेडसेटमध्ये असणारी एसबीसी ही मूलभूत पद्धत तेच काम साधारण 328 किलोबिटपर्यंत भागवते. एलडॅक ही सोनीची पद्धत 990 पर्यंत जाते. आयफोनवाल्यांना एएसी या आणखी एका पद्धतीवर समाधान मानावे लागते. खरे सांगायचे तर कूलर चालू असलेल्या खोलीत मला यातला फरक कळत नाही. रात्री सगळे निजल्यावर, तानपुऱ्याच्या जवारीत तो किंचित जाणवतो, इतकेच. त्यामुळे केवळ या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

विलंबाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आवाज आकसणे, पाठवणे आणि पुन्हा उलगडणे यात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज निघून जातो. चित्रपट पाहताना ॲप तेवढेच चित्र मागे ठेवते, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळतात. पण माझी भाची टॅबवरील पेटीच्या ॲपवर अलंकार वाजवायला बसली, आणि बोट पट्टीवर पडल्यानंतर सूर मागाहून येऊ लागला, तेव्हा दुसऱ्याच ओळीला वैतागून तिने हेडसेट काढून ठेवला. रियाजासाठी मागे तानपुरा लावायचा असेल तर काही बिघडत नाही, कारण तो अखंड चालू असतो. हाताने वाजवायचे असेल तर बिनवायरचा हेडसेट उपयोगाचा नाही.

मोकळिकीलाही सीमा आहे, आणि ती घराघरानुसार बदलते. दहा मीटर अंतराची जी ग्वाही दिली जाते ती मधे काही आडवे नसताना खरी मानावी. शहरातल्या आमच्या विटांच्या घरात फोन बैठकीच्या खोलीत ठेवून मी स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकतो. गावाकडच्या माळवदाच्या घरात मात्र मातीच्या दोन हात जाड भिंतीपलीकडे पाऊल टाकले की गाणे तुटू लागते. त्याहून चमत्कारिक अनुभव शेतात आला. चहूकडे मोकळे रान, भिंतीचे नाव नाही, आणि फोन पँटच्या मागच्या खिशात असूनही आवाज अडखळत होता. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरी पाणी शोषून घेते, आणि माणसाचे शरीर बहुतांशी पाणीच आहे. खोलीत या लहरी भिंतींवर आपटून वळसा घालून कानापर्यंत पोचतात. रानात आपटायलाच काही नसल्यामुळे आपलेच अंग आडवे येते. फोन खिशातून काढून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला की काम भागते.

उन्हाळा हा या यंत्राचा खरा शत्रू आहे. पारा 42-43 अंशांवर गेल्यावर रेक्झिनच्या गाद्या कानाभोवती अक्षरशः भट्टी पेटवतात, घाम आतल्या जाळीकडे उतरतो, आणि थोड्या वेळाने संगीतापेक्षा हेडसेट उतरवण्याचे सुख मोठे वाटू लागते. कापडी गाद्या असलेला हेडसेट निवडावा हे माझे स्पष्ट मत आहे, जरी त्यात बाहेरचा गोंगाट थोडा अधिक शिरत असला तरी. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे 45 अंशांपुढे चार्ज करू नये असे सांगितले जाते. आपल्याकडे दुपारी उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या डिक्कीत किंवा मोटारीच्या काचेखाली तेवढे तापमान केव्हाच ओलांडले जाते. तिथून काढलेला हेडसेट लगेच चार्जिंगला लावू नये. खोक्यावर लिहिलेले बॅटरीचे तासही मध्यम आवाजाचे आणि बहुधा गोंगाट मारण्याची सोय बंद ठेवूनच मोजलेले असतात. त्यातून किती वजा करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

नांदेडला अप-डाउन करणाऱ्या माझ्यासारख्यांना मराठवाडा एक्स्प्रेसच्या डब्यात याचा सर्वाधिक उपयोग होतो, हे कबूल करायलाच हवे. रुळांचा खडखडाट बराच दबतो, त्यामुळे गाण्याचा आवाज वाढवावा लागत नाही, आणि हा लाभ मला ध्वनीच्या शुद्धतेपेक्षा मोठा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसांनी 80 डेसिबल आवाज आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. आवाज दर 3 डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते, म्हणजे 90 डेसिबलला ती चार तासांवर येते. एसटीच्या शेवटच्या बाकावर साध्या इअरफोनने गाणे ऐकणारी पोरे इंजिनाच्या वर आवाज नेण्यासाठी ती पातळी सहज ओलांडत असतील. मात्र डब्यात पूर्णा किंवा परभणी आल्याची चाहूल लागावी म्हणून बाहेरचा आवाज आत घेणारी सोय आधीच चालू करावी, आणि दुचाकीवर बसताना हेडसेट पिशवीतच ठेवावा.

घ्यायचाच असेल तर एक गोष्ट पाहून घ्यावी. हेडसेटच्या कडेला 3.5 मिलिमीटरच्या पिनेसाठी छिद्र आहे की नाही, आणि बॅटरी उतरल्यावरही वायर लावून तो वाजतो की नाही, हे दुकानातच तपासावे. काही हेडसेट तसे वाजतात, काही वाजत नाहीत. माझा वाजतो, आणि भाची आता पेटीच्या ॲपसाठी त्याला वायर लावूनच बसते.